चुना वाळेपर्यंत

१

चुन्याने भिंतीवर चित्र काढायचं तर एक गोष्ट आधी कबूल करावी लागते. आपण काय काढतोय ते काढताना दिसत नाही. गेरूने लाल केलेल्या भिंतीवर ओला चुना पाण्यासारखा बसतो, नुसता ओलसर डाग. अर्ध्या तासाने तो पांढरा व्हायला लागतो आणि मग कळतं की मोराची मान आखूड झाली आहे किंवा बैलाला पाचवा पाय आला आहे.

माझी बायको मालन चौतीस वर्षं अशी भिंत काढत आली. जैनथमधलं आमचं घर पुढून स्लॅबचं आहे, पण मागच्या खोलीची एक मातीची भिंत तिने पाडू दिली नाही. दरवर्षी दसऱ्याआधी ती त्या भिंतीला गेरू द्यायची आणि शिंदीच्या काडीचा कुंचला घेऊन बसायची. मी चहाचा कप घेऊन मागे उभा. ओल्यातच नाक खुपसायची माझी सवय, हे चुकलं, ते तिरपं झालं. ती मान न वळवता म्हणायची, "वाळल्यावर बोला." आमच्या भांडणांतही तिचं हेच उत्तर असे, आणि वाळल्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं फारसं उरत नसे.

मी सर्वे खात्यात एकतीस वर्षं काढली. जैनथ, बोथ, गुडीहत्नूर, सगळीकडच्या शिवारांत आधी साखळी ओढली, मग मशीन लावली. त्या कामाचा कायदा एकच, हद्द जुळली पाहिजे. ज्या दगडापासून मोजायला सुरुवात केली त्याच दगडाशी परत यायचं. दोन फूट कमी पडले तर सगळं पहिल्यापासून. त्यामुळे मालनच्या चित्रातली एक गोष्ट मला दरवर्षी खुपायची. चित्राभोवती ती दोन रेघांची चौकट काढायची, मध्ये ठिपके, आणि ही चौकट डावीकडे खाली चार बोटं उघडीच सोडायची.

"मालन, हद्द जुळली नाही तुझी," मी म्हणायचो.

"राहू द्या. जायले-यायले वाट लागते."

मला वाटायचं, तिथवर येईतो बाई दमत असेल आणि हा तिचा बहाणा. माघ महिन्यात ती गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन, चार दिवसांत. हे तिला नीट विचारायचं राहूनच गेलं.

२

त्यानंतरचे सहा महिने सांगण्यासारखे नाहीत. झोप गेली, भूक गेली आणि बोलणं तर आधीच बेताचं, तेही गेलं. आदिलाबादच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हाताला काहीतरी काम द्या. मी घरी येऊन हात मांडीवर ठेवून बसलो.

पोळा झाला आणि माझी मुलगी प्रणिता आठव्या महिन्यात माहेरी आली. पहिलं बाळंतपण. आई नाही, तर इथे करणार कोण, असं तिच्या सासरी सगळे म्हणत होते. तिचा नवरा वैभव, गुडीहत्नूरला त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे, तोही नको म्हणत होता. पण ती आली. बाळंतपणाचं निमित्त होतं, खरी ती माझ्यासाठी आली होती, एवढं न कळण्याइतका मी खुळा नाही.

दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीत जाऊन ती भिंतीपुढे उभी राहिली. गेल्या वर्षीचं चित्र पुसट होऊन उरलं होतं.

"बाबा, आईची भिंत तशीच राह्यली. यंदा तुमी काढा."

मी म्हटलं, वर्षाच्या आत आपल्याकडे सण नाही, आणि मला नकाशाशिवाय काही काढता येत नाही.

"मंग नकाशा काढा. पण हात हालवा. बसून बसून लोणच्यावानी मुरून राह्यले तुमी."

भिंतीला गेरू दिला. मालनचा कुंचला कोनाड्यात होता, काडी चावून चावून तिने त्याचं टोक मऊ केलेलं. चुना भिजवला, त्यात थोडा डिंक. रोज आंघोळ झाली की एक आकृती काढायची, एकच, असं ठरवून घेतलं. पहिल्या दिवशी सूर्य काढला. वाळल्यावर तो शिंगाड्यासारखा दिसला आणि प्रणिता पोट धरून हसली.

पण काहीतरी होऊ लागलं होतं. काडी भिंतीवरून फिरत असे, दिसत काही नसे, म्हणून सगळं लक्ष बोटांत येई. त्या तासाभरात मालन गेली आहे हे आठवत नसे असं नाही. आठवे, पण टोचत नसे. आठव्या दिवशी मी रात्री आडवा झालो तो उजाडल्यावरच उठलो. दहाव्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. प्रणिता फोनवर वैभवला सांगत होती, बाबा बोलून राह्यले, बाबा मले वांग्याच्या भाजीत मीठ कमी हाये म्हणे.

चंद्र झाला, मोर झाला, तुळस झाली, बैलजोडी झाली. बैलांशेजारी काठी घेतलेला एक माणूस काढला, तो मी. तुळशीजवळ डोक्यावर घडा घेतलेली बाई काढली. तिचं नाव मी घेतलं नाही आणि प्रणितानेही विचारलं नाही. ती फक्त म्हणाली, "मले बी काढा ना." म्हणून मधोमध तिला काढलं, गोल पोटाची, आणि पोटात एक ठिपका.

एकविसाव्या दिवशी चौकट. इथे मात्र मी माझ्या घरच्या मैदानावर होतो. टेप काढला, ओळंबा लावला, चारही कोन काटकोनात. शेवटच्या कोपऱ्यात आलो तेव्हा प्रणिता म्हणाली, "बाबा, आई इथं जागा सोडे."

"तुझी आई दमायची," मी म्हटलं आणि रेघ रेघेला जोडून दिली.

वाळल्यावर मागे सरून पाहिलं. एकतीस वर्षांत एवढी नेमकी हद्द मी बांधली नव्हती. दसरा अजून दहा दिवसांवर होता, आणि प्रणिताची तारीखही तीच होती.

३

मागच्या दारात जास्वंदीचं झाड आहे. रोज सकाळी त्यातली दोन फुलं देवाला. चौकट झाल्याच्या तिसऱ्या दिवशी फूल मिळालं नाही. कळ्या होत्या, टपोऱ्या, टोकाला लाल दिसणाऱ्या, आज-उद्या उमलतील अशा. चौथ्या दिवशीही तशाच.

ढग आले असतील, मुंग्या लागल्या असतील, असं मी म्हटलं. शेजारच्या भागाबाईंनी आमच्याच झाडाची फांदी नेऊन लावली आहे, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. त्यांचं झाड फुलांनी लगडलेलं. मला गंमत वाटली. नोकरीतून सुटलो तरी खोड सुटत नाही, मी पाच कळ्यांना पांढरा दोरा बांधला आणि डायरीत तारीख टाकली. सहा दिवस रोज पाहिलं. एकही उमलली नाही आणि एकही गळली नाही. एक मी नखाने सोलून पाहिली. आत पाकळ्या घडी घालून ठेवल्यासारख्या, अगदी ताज्या.

मग कोंबडी. भागाबाईंची कोंबडी दर वेळी आमच्या मागच्या खोलीतच अंड्यांवर बसते, भिंतीखाली टोपल्यात. एकवीस दिवस होऊन वर पाच गेले. अंडी कुसली असतील म्हणून मी एक उचललं, वास नव्हता. मोबाईलचा उजेड मागून लावला. आत पिल्लू होतं, पुरतं वाढलेलं, आणि ते हललं. चोच कवचाच्या बाजूला वळली आणि तिथेच थांबली. मी बराच वेळ पाहत होतो. मग अंडं हळूच ठेवून दिलं आणि हात धुतले.

भागाबाईंना मी फक्त दिवस सांगितले. त्यांनी कोंबडीसकट टोपलं उचललं आणि घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात अकरा पिल्लं फिरत होती.

"भाऊ, माया कोंबडीले तुमचं घर मानवलं नाई," भागाबाई हसत म्हणाल्या. मीही हसलो, आणि घरात येऊन डायरीत तेवढंच लिहून ठेवलं.

४

आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते, कारण मी त्या दिवसांत सुखात होतो.

चित्र पुरं झालं तरी सकाळचा तास मी सोडला नव्हता. ओल्या फडक्याने भिंत टिपायची. ओल लागली की सगळं चित्र नाहीसं व्हायचं, नुसती लाल भिंत. मग समोर बसून राहायचं. आधी सूर्य यायचा, मग मोर, मग बैलांची शिंगं. ते एकेक वर येताना पाहणं हेच माझं औषध झालं होतं. असा बसलेला असताना एकदा मागे काकणं वाजली. पितळी बादलीच्या काठाला काचेची काकणं लागली की जो आवाज होतो, तोच. प्रणिता पुढच्या खोलीत झोपली होती. बादली कोपऱ्यात पालथी होती.

दुसऱ्या दिवशी घसा खाकरल्याचा आवाज आला. बोलायच्या आधी मालन असाच बारीक खाकरायची. मी वळलो नाही. वाट पाहिली. पुढे काही बोललं गेलं नाही.

आणि त्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं की घडा घेतलेली बाई तुळशीजवळ नाही. थोडी डावीकडे, थोडी खाली आहे. मी टेप आणला. चौकट आखली त्या दिवशीचं माप डायरीत होतं, तिच्या पायापासून चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत साडेअकरा इंच. आता साडेनऊ भरलं. चौकट होऊन चार दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ भरलं, तिसऱ्या दिवशी साडेआठ.

मोजणीत अर्धा इंच कोणी विचारत नाही. टेप ढिला धरला, भिंत फुगली, नजर चुकली, शंभर कारणं. पण चूक कधी या बाजूला असते, कधी त्या. रोज अर्धा इंच आणि रोज एकाच बाजूला, याला चूक म्हणत नाहीत, याला चालणं म्हणतात.

मी घाबरलो नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी दाढी केली. प्रणिताला म्हटलं, आज शिरा कर. मालन घरात होती, आणि बाहेर जायला तिला जागा नव्हती.

५

दसरा झाला, तारीख उलटली. पहिली खेप आहे, पाच-सात दिवस पुढेमागे होतं, असं सगळे म्हणाले. सातवा दिवस गेला, दहावा गेला. कळांचा पत्ता नाही. गावातली आशा वर्कर पूनम रोज येऊन ठोके बघायची. बाराव्या दिवशी तिने कडकच सांगितलं की आता घरी थांबायचं नाही, आजच्या आज आदिलाबादला भरती व्हा. बाळ गुदमरेल, हा शब्द तिने दारात जाऊन माझ्याजवळ हळू आवाजात उच्चारला.

खरं तर तिसऱ्या दिवसापासून आम्ही रोज निघत होतो. वैभव गाडी घेऊन यायचा. प्रणिता पिशवी घेऊन उंबऱ्यापर्यंत यायची, दाराच्या चौकटीला हात लावायची आणि म्हणायची, चक्कर आली, उद्या जाऊ. एकदा तिला चार्जर आठवला, एकदा देवाचा दिवा. वैभव चिडला. त्याला वाटलं, पोरगी भितेय. तो माझ्याकडे पाही, की सासऱ्याने काही बोलावं.

मी बोललो नाही, कारण मला माझंच काहीतरी दिसलं होतं. एके दिवशी गाडीपर्यंत पिशवी द्यावी म्हणून मी चपला शोधायला वाकलो. दोन्ही चपलांवर मिळून कोळ्याने एक जाळं विणलं होतं, चांगलं घट्ट, जुनं. चौकट जोडली त्या दिवसापासून मी पुढच्या दाराबाहेर पडलो नव्हतो. दूध भागाबाई आणत, भाजी दारावर येई. पाय उचलत नव्हता असं मुळीच नाही. फक्त प्रत्येक वेळी उंबऱ्याशी आलं की आत काहीतरी राहिलंय असं वाटायचं आणि मी वळायचो. मी ते जाळं न मोडता चपला होत्या तिथे ठेवल्या.

६

बाराव्या दिवशी दुपारी पूनम बोलून गेल्यावर भागाबाई आल्या. त्या कोणाला विचारत बसल्या नाहीत. बाईला मोकळं व्हायला वेळ लागला की जुन्या बाया करतात तेच त्यांनी केलं. प्रणिताची वेणी सोडली. ट्रंकेचं कुलूप काढलं, कपाट उघडलं, डब्यांची झाकणं काढून ठेवली, दोरीवरच्या कपड्यांच्या गाठी सोडल्या. माझ्या कोपरीचे बंद दिसले, तेही सोडायला लावले. मग कमरेवर हात ठेवून मागच्या खोलीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अजून काय बंद हाये या घरात?"

मी म्हटलं, काही नाही.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. चित्र चांगलं झालं म्हणाल्या, मालनबाईंसारखंच, आणि पुढच्या खोलीत गेल्या.

मला ठाऊक होतं. जास्वंदीची कळी सोलली त्या दिवसापासून मनाच्या तळाशी ठाऊक होतं, आणि मी त्यावर कारणांचं पोतं टाकून बसलो होतो. मालन आता कोपऱ्यापासून अर्ध्या इंचावर होती. घडा तिच्या डोक्यावर नव्हता, मागे कुठे तरी ठेवलेला, तुळशीपाशी. तिचं तोंड चौकटीकडे होतं. जिथे चौतीस वर्षं ती वाट सोडत आली, तिथे ती येऊन उभी राहिली होती आणि तिथे मी टेप लावून रेघ ओढलेली. मी तिला ठेवून घेतलं नव्हतं. मी तिला कोंडलं होतं.

आणि तरी माझा हात उठेना. ती रेघ पुसली की काकणं वाजायची नाहीत, हे मला कळत होतं. पुन्हा ते सहा महिने, ती मांडीवर हात ठेवून काढलेली दुपार. मला माझी झोप सोडवत नव्हती, माझा शिरा सोडवत नव्हता. माणूस किती लहान असतो ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या खोलीतून प्रणिताचा आवाज आला. ती ओरडली नाही. बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, बाळ हालून नाई राह्यलं."

७

मी फडकं भिजवलं.

इथेही मी एक लबाडी केली, ती सांगितलीच पाहिजे. वाट कुठेही असली तरी वाटच, असा हिशेब मी केला. खाली डावीकडे हात लावलाच नाही. वर उजव्या कोपऱ्यात, मोराच्या पलीकडे, मालनपासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन चार बोटं रेघ अंगठ्याने खरवडून काढली. मुलीला वाट मिळेल आणि मालनला ती सापडणार नाही. मग सगळी भिंत ओली केली, म्हणजे खरवडलेलं नीट बसेल. सूर्य गेला, बैल गेले, सगळं गेलं. लाल भिंत राहिली. मी पाटावर बसलो.

ऊन खिडकीतून सरळ भिंतीवर येत होतं. पुढच्या खोलीत वैभव फोनवर कोणाशी तरी बोलत होता, भागाबाई पाणी तापवत होत्या. मागे बादलीच्या काठाला काकणं लागली. मग घसा खाकरला. मी डोळे भिंतीवरून काढले नाहीत.

वरची रेघ पांढरी व्हायला लागली. उजवा कोपरा वर आला. तिथे मी काहीही केलेलं नव्हतं. दोन्ही रेघा सलग, मध्ये ठिपके, काटकोन. मी माझा अंगठा पाहिला, नखात चुना होता. सूर्य आला, मोर आला, तुळस आणि तिच्या बुडाशी घडा. उजवी बाजू झाली, खालची रेघ उजवीकडून डावीकडे वाळत आली, वाळत आली आणि कोपऱ्याच्या चार बोटं अलीकडे थांबली. तिथे लाल माती होती. कड टेपाने कापल्यासारखी नव्हती, बोटाने पुसल्यासारखी वेडीवाकडी होती. चौतीस वर्षं मी ज्या कडेला नावं ठेवली तीच.

त्या फटीत भिंत अजून ओली होती. चुना पाण्याचा पांढरा होतो तो एक क्षण असतो, पापणी लवली की निसटतो. त्या क्षणात मला तिथे एक टाच दिसली. भेगाळलेली, आणि कडेला थोडा गेरू लागलेली. उचलली गेली आणि दिसेनाशी झाली. बस, एवढंच. त्याहून जास्त पाहिलं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या खोलीत भागाबाई म्हणाल्या, "पाणी गेलं पोरीचं. गाडी काढा."

प्रणिता उंबरा ओलांडून गेली तेव्हा तिने चौकटीला हातसुद्धा लावला नाही. मी मागोमाग चपला पायात घातल्या. जाळं फाटल्याचं पायाला जाणवलं.

८

मुलगी झाली. हायवेवर असतानाच कळा जोरात आल्या होत्या, दवाखान्यात गेल्यावर तासाभरात सगळं पार पडलं. मी नातीला हातात घेतलं आणि रडलो. माघापासून मी रडलो नव्हतो, हे मला तेव्हा कळलं. आवाज करून, लोकांसमोर, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात रडलो. वैभवच्या आईने मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी बसने घरी आलो. दोरा बांधलेल्या उरलेल्या चारही कळ्या फुलल्या होत्या, शिवाय बाकी सगळ्या. झाड लाल झालं होतं. मी एकही फूल तोडलं नाही. मागच्या खोलीत गेलो. घडा होता, मालन नव्हती. काकणं नव्हती. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण त्या वाटण्यात श्वास घेता येत होता. रात्री झोपही लागली.

सवय म्हणून सकाळी भिंत टिपली, वाळू दिली, आणि सवय म्हणूनच माप घेतलं. बैलांशेजारी काठी घेतलेला माणूस. चौकट आखली त्या दिवशीचं त्याचं माप, कोपऱ्यापर्यंत सव्वीस इंच. साडेपंचवीस भरलं. पुढच्या दिवशी पंचवीस.

टेप ढिला धरला असेल.

मी घरी परतल्याचा आज पाचवा दिवस. प्रणिता बाळाला घेऊन येते आहे. काल संध्याकाळी माप साडेचोवीस होतं आणि माणसाचं तोंड बैलांकडे नव्हतं. आज सकाळी मी तो गेरूने झाकून टाकला. प्रणिताचं गोल पोट झाकून तिला नीट उभी केली आणि तिच्या कडेवर एक बारीकशी आकृती दिली. चौकटीच्या फटीला मी हात लावलेला नाही, आता कधी लावणारही नाही. सगळ्यात शेवटी स्वतःला पुन्हा काढलं. आत, बैलांच्याही पलीकडे, कोपऱ्यापासून तीस इंच मोजून. काडी घसरली नाही. तोंड प्रणिताकडे केलं. हे मला पक्कं आठवतं.

चुना ओला असतानाच बाहेर गाडी वाजली. भागाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. प्रणिता बाळ घेऊन सरळ मागच्या खोलीत आली, आईच्या भिंतीला लेक दाखवायला. बाळ माझ्या हातात देऊन ती वाकली आणि नीट पाहू लागली. ओल्या जागांवर अजून काही उमटलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "याच्यात तुमी कुठं हा?"

मी नातीला छातीशी धरलं. मोरापाशी पांढरं व्हायला सुरुवात झाली होती.

"वाळल्यावर बोल," मी म्हटलं.